हालचाल आढळली

फेब्रुवारी-मार्चमध्ये बंगळुरूच्या रस्त्यांवर टॅबेबुयाला गुलाबी बहर येतो. वर्तमानपत्रं त्याची छायाचित्रं छापतात, तरुण मंडळी झाडाखाली उभी राहून स्वतःची काढतात, आणि आमच्या फाटकावरचा कॅमेरा दर फुलागणिक मला कळवतो : 'हालचाल आढळली.' वसंताची इतकी नेमाने नोंद ठेवणारा या शहरात दुसरा कोणी नसेल. चोर मात्र अजून यायचा आहे.

कॅमेऱ्याला तरी काय बोल लावायचा? आधीच्या आणि आत्ताच्या चित्रात किती ठिपके बदलले, एवढंच स्वस्तातला कॅमेरा मोजतो. त्यात बंगळुरूचं आभाळ. ऊन, ढग, पुन्हा ऊन. अंगणात सावली सरकली की त्याच्या लेखी कोणीतरी आत शिरलं. रात्री भिंगापुढे कोळी जाळं विणतो, ते इन्फ्रारेड उजेडात लखलखतं, वाऱ्याने हलतं, आणि ऐन पहाटे उशाशी फोन गुरगुरतो. हुशार कॅमेरे माणूस, प्राणी, वाहन असा भेद करतात म्हणून आम्ही तसा आणला. त्याने दोरीवर वाळत घातलेल्या माझ्या सदऱ्याला 'व्यक्ती' ठरवलं. सदऱ्याला निदान हालचाल तरी आहे, असं सौभाग्यवतींचं म्हणणं.

संवेदनशीलता ठरवायची पट्टी ॲपमध्ये आहे, पण ती सापडेपर्यंत आपलीच संपते. 'जास्त' ठेवली तर पानही दरोडेखोर, 'कमी' ठेवली तर दरोडेखोरही पान. सूचनेवर बोट ठेवावं, तर आधी चक्र गरगरतं, मग चित्रफिती साठवण्याच्या सशुल्क योजनेची जाहिरात, आणि अखेर दिसतं ते रिकामं फाटक. आलेला जो कोणी होता, तो पुढच्या चौकात पोचलेला असतो.

न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात राहणाऱ्या मेरी व्हॅन ब्रिटन ब्राऊन या परिचारिकेने पती अल्बर्ट यांच्यासह अशा घरगुती पहाऱ्यासाठी पेटंटचा अर्ज केला तो १९६६ साली. पेटंट मिळालं १९६९ मध्ये. दाराला कमी-अधिक उंचीवर भोकं, त्यांमागे वर-खाली सरकणारा कॅमेरा, आत पडदा, बाहेरच्याशी बोलायची सोय, पोलिसांना कळवायचं बटण. पण सगळ्याची सुरुवात पाहुण्याने दार वाजवण्यापासून. मग बाईंनी पाहायचं आणि काय ते ठरवायचं. हल्ली दार न वाजवणाऱ्या पानाफुलांचंही आगतस्वागत आपल्याकडेच आलंय.

आमच्या समोरच्या अज्जी कट्ट्यावर बसून पहाऱ्याचंच काम करतात. अनोळखी माणूस दिसला की तिथूनच खणखणीत "यारु बेकु?" (कोण हवंय?) ओळखीचा असेल तर एक शब्द नाही. संध्याकाळी मला एकदाच हिशेब : कुरियरवाला येऊन गेला, मीटरवाला आला होता, आणि एकजण उगाच चपलांकडे बघत होता, त्याला मी हाकललं. मांजर, सावल्या, फुलं यांचा उल्लेखही नाही. सॉफ्टवेअरवाल्यांनी हेच उचलावं. परक्या माणसाची खबर तत्काळ आणि सोबत त्याचं चित्र, बाकीचं सगळं दिवेलागणीला चार ओळींत, घरच्यांबद्दल अळीमिळी. 'ओळखीचे चेहरे वगळा' अशी सोय काही ॲपांत आहेच. मी मोठ्या आनंदाने ती सुरू केली.

दुसऱ्याच दिवशी सिएटलहून लेकीचा फोन. "बाबा, कॅमेरा बिघडलाय का? तुम्ही दूध आणायला गेल्याचं आलंच नाही." सूचना तिच्याही फोनवर जातात हे मला ठाऊक होतं, ती त्या वाचते हे नव्हतं. आमची सकाळ म्हणजे तिच्याकडे आदल्या दिवसाची संध्याकाळ. 'व्यक्ती आढळली' आलं की ती मफलर आहे का ते बघते आणि मग स्वयंपाकाला लागते म्हणे. चोराबद्दल तिने आजवर चौकशी केलेली नाही.

सोय बंद केली. आता मी पिशवी घेऊन निघालो की दोघांच्याही फोनवर तीच सूचना येते, आणि खाली प्रश्न : 'ही सूचना उपयुक्त होती का?' मी 'नाही' दाबतो, ती 'हो' दाबते. आमच्या उत्तरांवरून म्हणे ते सॉफ्टवेअर शिकतंय.