ताडपत्रीला हात लावू नये

आमच्या गल्लीतल्या जुन्या गोदामात सहा आठवड्यांसाठी परदेशातून एक निवासी कलावंत आले आहेत. राहायला खोली, कामाला स्टुडिओ, वर भत्ता. आणि मुक्काम संपता संपता ओपन स्टुडिओ. त्या दिवशी आपण जायचं, अर्धवट कामाला ‘प्रक्रिया’ म्हणायचं आणि सरबत पिऊन घरी यायचं.

प्रकार जुनाच आहे. फ्रान्सच्या चौदाव्या लुईनं १६६६ मध्ये रोमला अकादमी काढून तरुण कलावंतांची अशीच सोय लावली होती. आपल्याकडे रॉबर्ट गिलला १८४४ मध्ये अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला करायला नेमलं. त्यानं वर्षानुवर्षं खपून पाठवलेल्या कितीतरी नकला लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये १८६६ च्या आगीत जळाल्या. तरी गडी अजिंठा सोडीना. १८७९ मध्ये वारला, तेव्हा त्याला भुसावळला पुरलं. सहा आठवड्यांत त्याची नुसती शिडीसुद्धा लावून झाली नसती.

आमच्या पाहुण्यांनी मात्र दुसऱ्याच आठवड्यात अख्ख्या वस्तीची ‘स्मृती’ गोळा केली. त्यातली मुख्य स्मृती म्हणजे टेम्पोवाल्या मामांची ताडपत्री. निळी, कडेला सुतळी, तीन ठिगळं. त्यातलं एक निवडणुकीच्या फ्लेक्सचं, नेत्याचं अर्धं हसू अजून शाबूत. ती छताला टांगून खाली पाटी लावली : ‘विस्थापनाची त्वचा’. सोबतच्या निवेदनात ‘विस्थापन’ हा शब्द अकरा वेळा आहे. (मोजला. सरबत यायला वेळ होता.) निवेदन पाहुण्यांनी लिहिलेलं नाही, ते इथल्याच क्युरेटरबाईंचं. पाहुणा बिचारा सरळ आहे. त्याला ठिगळं आवडली, एवढंच तो सांगत होता.

मामा आले, त्यांनी ठिगळ चाचपलं. रखवालदारानं हटकलं, “हात लावू नका.”

“अहो, माझीच आहे.”

“असेल. तरी लावू नका.”

मग पाटी कोणीतरी त्यांना समजावून दिली. मामा म्हणाले, “विस्थापित कुठं झालीये? चार दिवसांसाठी मीच दिली की!” क्युरेटरबाई मोहरल्या. त्यांनी हे वाक्य मामांकडून पुन्हा वदवून मोबाइलवर टिपलं. आता ते दुसऱ्या खोलीत हेडफोनवर ऐकायला मिळतं.

प्रदर्शन शनिवारपर्यंत, संध्याकाळी पाच ते आठ. जाणार असाल तर वेळेत जा. रविवारी सकाळी मामांना लासलगावहून कांदा आणायचाय, आणि आभाळ भरून आलंय.