शेगडा आणि रावसाहेब

दिल्लीतील मराठी वस्तीत सेवानिवृत्त अवर सचिवांच्या ज्या अनेक जाती आणि उपजाती आढळतात, त्यांपैकी पहाटे नेमाने फिरावयास जाणारे, ज्ञानेश्वरीवर प्रवचने करणारे आणि वृत्तपत्रांच्या संपादकांस पत्रे लिहिणारे गृहस्थ समाजाला एकंदरीत निरुपद्रवी असतात. परंतु पस्तीस वर्षे फायलींवर शेरे मारल्यानंतर ज्यांना उतारवयात एकाएकी लोखंड कापण्याची वासना उत्पन्न होते, त्या वर्गाविषयी तसे छातीठोकपणे म्हणता येत नाही. कारखान्याच्या परिभाषेत कानशीलाही फाईलच म्हणतात, हा नियतीचा विनोद. त्यामुळे आपण निवृत्त झालो आहोत ही जाणीव या मंडळींना शेवटपर्यंत शिवत नाही. अशा एका गृहस्थांचा शेजार मला यमुनापारच्या एका वसाहतीत पुष्कळ वर्षे लाभला आहे. सगळे त्यांना रावसाहेब म्हणतात. मीही तेच म्हणेन, कारण खरे नाव छापले तर निदान दहा गृहस्थ ही आपलीच बदनामी आहे असे समजून माझ्याकडे कैफियत मागतील.

रावसाहेबांच्या छंदाचा उगम एका भाषिक अपघातात आहे. गॅलरीत बसावयास एखादा बाक असावा, असा वहिनींचा लकडा फार दिवसांचा होता. रावसाहेब मूळचे सांगलीकडचे. त्यांचे हिंदी सचिवालयात संस्कारित झालेले असले तरी बाजारात ते क्वचितच बाहेर काढले जाई. काही नळांच्या खरेदीसाठी ते चावडी बाजारात गेले असता त्यांनी एका पेढीवर ‘एक अच्छा, मजबूत बाक’ मागितला, आणि हिंदीत शेगड्याला बांक म्हणतात हे दुकानदाराला ठाऊक व रावसाहेबांना अज्ञात असल्यामुळे, सायंकाळी हमालाच्या डोक्यावरून घरी जी वस्तू आली, ती सहा इंची जबड्याचा, वीसेक किलो वजनाचा बिडाचा शेगडा होती. एकदा रुजू करून घेतलेला माल परत करणे त्यांच्या शिरस्त्यात बसेना. शेगडा ठेवून घेतला गेला; शेगड्याला मेज लागले; मेजावर काहीतरी घासणे प्राप्त झाले म्हणून कानस आणावयास ते पुन्हा बाजारात गेले, तर दुकानदार त्यांना ‘रेती’ दाखवू लागला. हा मनुष्य आपल्याला वाळू का विकतो आहे, या विचारात त्यांची पाच मिनिटे गेली. वहिनी अद्याप गॅलरीत प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसतात.

पुढे गॅरेजमधील मोटार विकली गेली आणि तिच्या जागी बटाल्याच्या ओतशाळेत जन्मलेले, दोन-तीन मालक पाहून आलेले साडेचार फुटी लेथ मशीन स्थानापन्न झाले. त्यासाठी विजेचा मंजूर भार वाढवून घेण्याचा अर्ज, वसाहतीच्या कार्यकारिणीची हरकत, त्या हरकतीला रावसाहेबांनी दिलेले चौदा कलमी आणि तीन परिशिष्टांचे उत्तर, हा सर्व पत्रव्यवहार फितीत बांधून मशीनशेजारीच ठेवलेला आहे. कार्यकारिणीने ते उत्तर वाचले की नाही, कोण जाणे. पण त्याची जाडी पाहून तिने हरकत मागे घेतली.

रावसाहेबांची हत्यारखरेदी हा स्वतंत्र विषय आहे. दिल्लीत यंत्रे, मोटारी, पट्टे, ड्रिल आणि पाने यांची मोठी पेठ अजमेरी दरवाज्यापासून निघणाऱ्या ज्या रस्त्यावर आहे, त्याला आज एका थोर संन्याशाचे, स्वामी श्रद्धानंदांचे, नाव असले तरी लोक त्याला जुन्या जी. बी. रोड याच नावाने ओळखतात. आणि तेथे तळमजल्यावर लोखंडाचा व्यापार चालत असला तरी वरच्या मजल्यांची ख्याती निराळी आहे. सायकलरिक्षावाल्याला तो पत्ता सांगताना सत्तरीच्या पुढील, धोतरवजा पायजमा घातलेल्या गृहस्थाला जे हास्य पाहावे लागते, त्याला उत्तर म्हणून रावसाहेब रिक्षात बसण्यापूर्वीच चार माणसांना ऐकू जाईल अशा खणखणीत आवाजात ‘ड्रिल लेना है, ड्रिल!’ असे जाहीर करतात. त्याने हास्य कमी होत नाही. एरवी त्यांची फेरी मायापुरीच्या भंगार बाजारात असते. तेथे मोडक्या मोटारींच्या राशींतून जुने अॅक्सल हुडकून, त्यांवर कानस फिरवून, ‘हे पोलाद आहे, हे नुसते लोखंड’ असा निवाडा ते देत असतात.

या मनुष्याजवळ काय नाही? इंची आणि मिलिमीटरी अशा दोन्ही पंथांची हत्यारे आहेत. वजनमापांचा दशमान कायदा १९५६ साली झाला. कागदोपत्री रावसाहेब त्याचे कट्टर पुरस्कर्ते. परंतु आपल्या मिस्त्रीलोकांत अद्याप इंचाचे आठ सूत चालतात, आणि रावसाहेबांचे मनही घाईच्या क्षणी सुतातच विचार करते. त्यांच्या व्हर्निअरवर मिलिमीटरचा पन्नासावा भाग वाचता येतो. तो वाचण्यासाठी लागणारा चष्मा मात्र सहसा सापडत नाही.

खरा आनंद त्यांना कापण्यापेक्षा सांगण्यात आहे. दिल्लीतील जानेवारीच्या कडाक्यात त्यांच्या गॅरेजच्या दारात एक खुंटी लागते, आणि आत येणाऱ्याने मफलर, टाय, ओढणी, हातमोजे हे सारे तिच्यावर उतरवून ठेवावे असे फर्मान आहे. कारण फिरणारे चक कापडाचे एक टोक धरते आणि मग आतल्या माणसाची विचारपूस करीत नाही. सत्यनारायणाला येणाऱ्या गुरुजींनासुद्धा जानवे सदऱ्याच्या आत कोंबल्याखेरीज तेथे पाऊल ठेवण्याची मुभा नाही. चकची किल्ली चकमध्ये पळभरही विसरू नये. यंत्र सुरू होताच ती कोठे जाईल याचा नेम नाही. रावसाहेबांची एकदा गेली होती. छताच्या गिलाव्यात खळगा आहे, आणि तो पाहुण्यांना दाखवला जातो.

त्यांचा उपदेश बिनचूक असतो, हीच मोठी अडचण आहे. तो थोतांड असता तर टाळता आला असता. लेथवरील हत्याराचे टोक गजाच्या मध्याच्या उंचीवर हवे, आणि ते तसे आहे की नाही हे पाहण्यासाठी टोक आणि गज यांच्यामध्ये पोलादी पट्टी हलकेच दाबून धरावी: पट्टी सरळ उभी राहिली तर ठीक, माथा गजाकडे झुकला तर हत्यार वर आहे, आपल्याकडे झुकला तर खाली. ही युक्ती त्यांनी मला एका लग्नाच्या पंगतीत मठ्ठ्याची वाटी आणि पापड यांच्या साह्याने समजावून दिली. मऊ पोलादाला मिनिटाला सुमारे ३० मीटरचा वेग पुरतो, म्हणजे २५ मिलिमीटरच्या गजाला सुमारे ३८० फेरे. पितळेला त्याच्या दुप्पट. बीड कोरडेच कापावे, पोलादाला तेल पाजावे. आटे पाडताना टॅप अर्धा फेरा पुढे आणि पाव फेरा मागे न्यावा, म्हणजे कीस तुटून पडतो; सरळ पुढे रेटणाऱ्याचा टॅप मोडतो, आणि मोडलेला टॅप भोकातून काढणे हे अडकलेले निवृत्तिवेतन काढण्याहून कठीण. नवी कानस आधी पितळेवर वापरावी, मग पोलादावर. तिच्या दातांत खडू घासला म्हणजे कीस रुतत नाही. दिल्लीच्या धुक्यात आणि श्रावणात हत्यारांना गंज चढू नये म्हणून पेटीत कापराच्या वड्या ठेवाव्यात, हाही त्यांचाच सल्ला. वहिनींच्या देवघरातील आरती गेली काही वर्षे केवळ निरांजनावर भागते.

एवढ्या सामग्रीतून निर्माण काय होते, हा प्रश्न मी एकदा भीत भीत विचारला. रावसाहेबांनी मला त्यांनी घडविलेल्या वस्तू दाखविल्या: टूल धरण्याचा ठोकळा, तो ठोकळा घासण्यासाठी लागलेला कोनमापक, त्या कोनमापकाचे स्क्रू फिरविण्याची मूठ, आणि ती मूठ घोटण्याचे साधन. प्रत्येक वस्तू दुसरी वस्तू करण्यासाठी केलेली होती आणि ही वंशावळ कोठेही घरगुती उपयोगापर्यंत पोहोचत नव्हती. माझी मुद्रा पाहून त्यांनी लक्ष्मणराव किर्लोस्करांचा दाखला दिला. बेळगावात १८८८ साली सायकलींचे दुकान काढणाऱ्या त्या पुरुषाने लोखंडी नांगर केले, तेव्हा लोखंडाने जमिनीला विष होते अशी शेतकऱ्यांची समजूत असल्याने दोन वर्षे ते कोणी घेईना. आणि पुढे १९१० साली औंधच्या राजेसाहेबांनी दिलेल्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. ‘गिऱ्हाईक उशिरा येते,’ रावसाहेब म्हणाले. मी त्यांना लक्ष्मणरावांजवळ निदान नांगर होता याची आठवण दिली नाही.

पुण्याहून पाहुणे आले म्हणजे त्यांना कुतुबमिनार दाखविण्याच्या मिषाने मेहरौलीस नेले जाते, आणि मिनाराकडे पाठ करून लोहस्तंभापुढे उभे केले जाते. सात मीटरांहून उंच, सहा टनांच्या घरातले, तापवलेले गोळे घणाने एकजीव करून सोळाशे वर्षांपूर्वी घडविलेले हे लोखंड गंजत का नाही, तर त्यातील फॉस्फरसमुळे पृष्ठभागावर बसणाऱ्या पातळ, चिवट थरामुळे, हे सांगताना त्यांचा कंठ दाटून येतो. ‘आणि लेथ नव्हते!’ असे ते शेवटी म्हणतात. पाहुणे तोपर्यंत उन्हाने वितळू लागलेले असतात.

लेथ असताना काय होते, ते आम्ही गणेशोत्सवात पाहिले. आमच्या मंडळाच्या जुन्या घंटेचा लोळा चतुर्थीच्या आदल्या दिवशी निखळून हरवला. रावसाहेबांनी ते काम मागून घेतले. लोळा घंटेहून मऊ हवा, नाहीतर घंटेला तडा जातो, हे त्यांनी प्रथम सर्वांना पटवून दिले. मग मऊ पोलादाचा गोल घडवावयाचा तर गोल कापण्याचे विशेष साधन हवे, त्या साधनाला पितळी बुश हवे, बुश आतून कोरण्यासाठी बोरिंग बार हवा, आणि बोरिंग बारला धार लावण्याचा जो दगड हवा तो नेमका बाजारात नव्हता. त्या वर्षी आरती स्टीलचे ताट आणि डाव यांच्या गजरात झाली. अनंत चतुर्दशी गेली, दसरा गेला, मंडळाचा तगादा थकला. पुढल्या श्रावणात रावसाहेब मखमलीच्या डबीतून लोळा घेऊन आले. असा लोळा मी पाहिला नाही. आरशासारखा घोटलेला, व्यासात मिलिमीटरच्या शंभराव्या भागाचाही फरक नसलेला. मंडळी उभी राहिली, घंटा आणली गेली, आणि रावसाहेब लोळ्याचा दांडा घंटेतील आट्यांत बसवू लागले. तो जाईना. घंटा जुनी, तिच्या भोकात तीन सुतांचे इंची आटे. रावसाहेबांनी दांड्यावर पाडलेले आटे दशमान कायद्याला अनुसरून दहा मिलिमीटरचे.

कोणीतरी सुचविले की दांडा बदलावा. रावसाहेबांनी त्याच्याकडे दयेने पाहिले. बरोबर असलेली वस्तू चुकीच्या वस्तूसाठी बिघडवणे त्यांना मान्य नव्हते. दुरुस्ती व्हावयाची तर घंटेची होईल. कोषाध्यक्षांनी, तेही निवृत्त लेखाधिकारीच, तेथल्या तेथे पावती लिहिली: ‘घंटा, काशाची, एक, लोळ्याविना. मुदत: भाद्रपदापूर्वी.’ कोणत्या भाद्रपदापूर्वी, ते लिहिलेले नाही. रावसाहेबांनी सही केली, घंटा धोतराच्या जुन्या पानात गुंडाळली आणि काखोटीस मारली.