दहा फूट, व्हाया बडनेरा

अमरावतीहून अकोला शंभरेक किलोमीटर. २०२२ च्या जूनमध्ये या दोन शहरांमधल्या राष्ट्रीय महामार्ग ५३ वर ७५ किलोमीटर डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत सलग अंथरला गेला आणि गिनीज बुकात त्याची नोंद झाली. ज्या रस्त्यानं वऱ्हाडी माणसाच्या पाठीचे मणके एकेक करून मोजून घेतले होते, त्यानंच हा पराक्रम करावा, यावर पहिले काही दिवस कुणाचा विश्वास बसला नसेल, तर त्यात वऱ्हाडी माणसाचा दोष नाही. पण त्याच वऱ्हाडात, अमरावतीच्या राजापेठेत काय किंवा अकोल्याच्या जठारपेठेत काय, एक प्रवास असा आहे की त्याला ना विक्रम ना वेळापत्रक. अंतर दहा फूट. निघायचं ठिकाण, टेबलावरचा लिनक्स घातलेला लॅपटॉप. पोचायचं ठिकाण, देवघराच्या वरच्या फळीवर लुकलुकणारा राउटर. वाटेत टोलनाका नाही, रेल्वे फाटक नाही. तरी प्रवासी दुपारी निघतो आणि रात्री जेवायची हाक येते तेव्हा निघाल्या जागीच असतो.

मग वाय-फाय का जोडलं जात नाही याची घरात चौकशी बसते आणि दोन आरोपी उभे केले जातात. पहिला, राउटरचं कुलूप. "पासवर्ड कायले ठेवला? सारे आपलेच तं हायेत शेजारी!" दुसरा, खुद्द लिनक्स. "फुकटचं हाये, मंग असंच राहीन ना!" हे दोन्ही आरोपी निर्दोष सुटले पाहिजेत, आणि खरा गुन्हेगार वाटेतच कुठेतरी बाकावर बसलेला आहे, एवढंच इथं सिद्ध करायचं आहे.

कुलपापासून सुरुवात करू, कारण ते लवकर उरकतं. घरोघरी असतं ते डब्ल्यूपीए-२ नावाचं कुलूप, आणि त्याचा आराखडा २००४ साली मंजूर झालेल्या मानकात जगजाहीर आहे. पासवर्ड आणि नेटवर्कचं नाव एकत्र करून ४,०९६ वेळा घुसळलं जातं आणि त्यातून २५६ बिटांची किल्ली निघते. नाव त्यात मिसळत असल्यामुळे अमरावतीत राहणाऱ्या मुलीनं आणि अकोल्यात राहणाऱ्या तिच्या आईनं पासवर्ड एकच ठेवला तरी दोन्ही घरांच्या किल्ल्या निराळ्या. (नावात मात्र फार हौस करता येत नाही. त्याला ३२ बाइटांची मर्यादा आहे आणि नेहमीच्या युनिकोड पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट खातं. नुसती 'अमरावती' २१ बाइटांत बसते. 'अमरावती-अकोला' ३७ होतात आणि गाडी वाटेतल्या मूर्तिजापूरलाच संपते.) किल्ली तयार झाली की दारावर चारच वाक्यांचा संवाद होतो. राउटर म्हणतो, "हा घे माहा आकडा." लॅपटॉप म्हणतो, "हा माहा, अन् हा त्याच्यावरचा शिक्का." राउटर शिक्का तपासतो, "बराबर हाये, ये. हे घे घरातल्या सगळ्यायची चावी." लॅपटॉप म्हणतो, "भेटली." संपलं. पासवर्ड एकदाही तोंडावाटे बाहेर पडत नाही, आणि एवढं सगळं होताना डोळ्याचं पातं लवायलाही जेमतेम फुरसत मिळते. वऱ्हाडात दारावरचा संवाद इतक्या थोडक्यात आटोपल्याचं दुसरं उदाहरण सापडणार नाही.

कुलूपच नको म्हणणाऱ्यांनी १९९७ चं डब्ल्यूईपी नावाचं कुलूप आठवावं. तेव्हा कुलूप होतं, पण २००१ मध्ये फ्लूरर, मँटिन आणि शामिर या तिघांनी त्याच्या सांकेतिक पद्धतीतली कमजोरी मांडली आणि पुढं ते कुलूप शाळकरी पोरंही उघडू लागली. शेजारी आपलेच असतात हे खरं, पण रस्त्यावरून जाणाराही कुणाचा तरी शेजारीच असतो. यावर हुशार माणूस म्हणेल, मग २०१७ मध्ये तुमच्या त्या चार वाक्यांतच भोक सापडलं त्याचं काय? सापडलं. बेल्जियमच्या माथी व्हानहूफनं दाखवलं की तिसरं वाक्य पुन्हा पुन्हा ऐकवलं तर लॅपटॉप गोंधळतो, आणि सगळ्यात जास्त गोंधळले ते लिनक्स आणि अँड्रॉइडच. त्यांना चक्क शून्यांची किल्ली हातात धरायला लावता येत होती. लिनक्सच्या बाजूनं बोलणाऱ्यानं हे लपवू नये. पण त्या भोकाचं ठिगळ उघड्यावर शिवलं गेलं, कुणालाही टाके मोजता येतील असं. उघड्या वस्तूत दोष नसतो असं नाही, तो दिसतो.

आता दुसरा आरोपी. लिनक्सला वाय-फाय जमत नाही, असं ज्या फोनवरून नातेवाइकांना कळवलं जातं, तो फोन अँड्रॉइडचा असेल तर त्याच्या पोटात लिनक्सचंच कर्नल, म्हणजे गाभा, असतं. त्याच फळीवरच्या, त्याच पासवर्डच्या राउटरला तो क्षणात जोडला जातो. आणि दारावरचा संवाद लॅपटॉपच्या वतीनं बोलणारा डब्ल्यूपीए सप्लिकंट हा योउनी मालिनेन यांनी लिहिलेला प्रोग्राम अँड्रॉइडनंही वापरला आहे. पुढची मौज अशी की घरगुती राउटरांपैकी कित्येकांच्या आतही लिनक्सच चालतं. म्हणजे दार ठोठावणारा लिनक्स, दार उघडणारा लिनक्स, आणि दाराबाहेर ताटकळलेला तोही लिनक्स. तिघांतले दोघं बिनतक्रार काम करत असतील तर घराण्याला नावं ठेवून काय उपयोग?

तेव्हा प्रवास नेमका अडतो कुठं ते पाहायला हवं, आणि अमरावतीच्या माणसाला ते एका वाक्यात सांगता येतं. बडनेऱ्याला. मुंबई-हावडा मुख्य मार्ग अमरावती शहरात शिरलाच नाही, तो बडनेऱ्यावरून गेला. अमरावतीहून रेल्वेनं अकोल्याला जायचं तर आधी बडनेरा गाठावं लागतं. लॅपटॉपचं बडनेरा म्हणजे त्याच्यातली वाय-फायची चिप. ही चिप स्वतःच एक छोटा संगणक असते आणि पुष्कळदा दर वेळी जागी होताना तिला तिचं फर्मवेअर, म्हणजे तिचा आतला प्रोग्राम, डिस्कवरून भरवावं लागतं. ती फाइल नसेल तर पासवर्ड बरोबर असून काय करायचा? गाडीच फलाटावर लागलेली नसते. फाइल कुठं मिळते? इंटरनेटवर. इंटरनेट कशानं मिळतं? त्या फाइलनं. या गोल फेऱ्यातून सुटायची वाट म्हणजे मोबाइल केबलनं लॅपटॉपला जोडायचा आणि त्याचं नेट उसनं घ्यायचं, म्हणजे पुन्हा बहुधा लिनक्सच्याच पाया पडायचं. (त्याआधी विमान मोडची कळ चुकून दाबली गेली नाही ना, तेवढं पाहावं. अमरावतीच्या बेलोऱ्याहून प्रवासी विमान उडायला २०२५ उजाडावं लागलं. लॅपटॉपांची विमानसेवा त्याच्या कित्येक वर्षं आधीपासून सुरळीत आहे.)

ती फाइल लिनक्सच्या सीडीतच का नसायची, हा प्रश्न मूर्तिजापूरला उतरल्याशिवाय सुटत नाही. इथं मोठ्या गाडीतून उतरून लोक शकुंतला नावाच्या छोट्या गाडीत बसायचे. यवतमाळ ते अचलपूर, रुळांमधलं अंतर ७६२ मिलिमीटर; शेजारच्या मुख्य मार्गाचं १,६७६. कापसासाठी ब्रिटिश कंपनीनं टाकलेला हा मार्ग स्वातंत्र्यानंतरही कितीतरी दशकं कंपनीचाच राहिला. जमीन वऱ्हाडाची, प्रवासी वऱ्हाडाचे, गाडी चालवणारी भारतीय रेल्वे, आणि मालकीचा कागद कंपनीच्या कपाटात. १९२१ साली मँचेस्टरला घडलेलं इंजिन १९९४ पर्यंत धावलं, यात कौतुक कुणाचं आणि हयगय कुणाची हे ज्यानं त्यानं ठरवावं. लॅपटॉपच्या चिपचं असंच आहे. पैसे आपण मोजले, वीज आपली, चालवणारं लिनक्स आपलं; पण तिच्याशी कसं बोलायचं तो कागद (त्यावरून लिहिलेल्या प्रोग्रामला ड्रायव्हर म्हणतात) कंपनीकडे. ब्रॉडकॉमच्या जुन्या चिपांसाठी लोकांना तो कागद बाहेरून अंदाज बांधून नव्यानं लिहावा लागला, आणि फर्मवेअर वाटायची परवानगी नसल्यानं प्रत्येकानं ते दुसऱ्या ड्रायव्हरमधून स्वतः कातरून काढायचं, अशी सोय करावी लागली. कंपनीनं स्वतःचा उघडा ड्रायव्हर दिला तो २०१० च्या सप्टेंबरात, आणि तोही नव्या चिपांपुरता. इंटेलनं मात्र २००४ पासून आपल्या चिपांचे ड्रायव्हर उघडे केले, फर्मवेअर वाटू दिलं. इंटेलची चिप असलेला लॅपटॉप म्हणूनच सहसा मूर्तिजापूरला गाडी न बदलता सरळ अकोल्याला जातो. लिनक्स तेच, कुलूप तेच. बदलला फक्त कागद.

"इंडोजवर तं चालून राह्यलं होतं ना भाऊ," हा दुकानदाराचा बिनतोड वाटणारा मुद्दा याच उजेडात पाहावा. चाललं, कारण कारखान्यातच कुणीतरी तो कागद विंडोजच्या खिशात घालून पाठवला होता. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. फर्मवेअर उघडं केलं तर कुणीही चिपची ताकद वाढवेल, भलत्या लहरींवर बोलेल, आणि अमेरिकेच्या दळणवळण आयोगासारख्या नियामकांना ते चालत नाही. ठीक. पण फर्मवेअर फोडून दाखवा असा हट्ट धरायची गरजच नाही. ते बंद डब्यात राहू दे, फक्त डबा पुढे द्यायला परवानगी असू दे आणि ड्रायव्हरनं काय बोलायचं ते सांगा. इंटेलनं हेच केलं, आणि आकाश कोसळलं नाही.

आता ही रडकथा जुनी झाली असंही म्हणतील, आणि ते अर्धं खरं आहे. डेबियनसारख्या तत्त्वाला चिकटून राहणाऱ्या मंडळींनीही २०२२ मध्ये मतदान घेऊन बंद फर्मवेअर सीडीत घ्यायचं ठरवलं आणि २०२३ च्या डेबियन १२ मध्ये ते आलं. उरलेलं अर्धं मात्र घरातल्या कपाटात पडलेलं आहे. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा आधार संपला, आणि विंडोज ११ ज्यांना आत घेत नाही असे धडधाकट जुने लॅपटॉप आता लिनक्सच्या फलाटावर येणार. त्यांच्यात जुन्या चिपा आहेत. आणि नव्यांत अशा, की दुकानात लॅपटॉप आधी येतो आणि कर्नलमध्ये ड्रायव्हर मागून. तेव्हा नवा घेतानाच चिप कुणाची ते विचारून घ्यावं. रॅम किती, डिस्क किती, बॅग फुकट का, हे सगळं दुकानदार तोंडपाठ सांगतो. चिप विचारली की तो खोका हातात घेऊन चारी बाजूंनी फिरवतो, चष्मा वर करतो आणि बारीक अक्षरातली ओळ मोठ्यानं वाचून दाखवतो, "वाय-फाय: आहे."