‘गारवा’, कूलरसमोर

मिलिंद इंगळे आणि सौमित्र यांचा ‘गारवा’ १९९८चा. मराठी पॉपची नवी लाट म्हणतात, ती हीच. ती धामणगाव रेल्वेला कशी पोचली, याचं उत्तर नावातच आहे. मुंबईहून नागपूरकडे जाणारी गाडी इथे थांबते. नाहीतर लाटांचा आणि आमचा संबंध काय?

परवा माळ्यावर ती कॅसेट सापडली. फीत आतड्यासारखी बाहेर लोंबत होती. पेन्सिल खुपसून गुंडाळली. टेप आधी घरघरला, मग सौमित्र बोलू लागले. आधी कविता, मग गाणं, अशी तिची रीत. सोळाव्या वर्षी ते ऐकताना खिडकी, पाऊस आणि ‘ती’ असं सगळं आपल्यापाशी आहे, असं वाटायचं. प्रत्यक्षात खिडकीत कूलर होता, ‘ती’ ट्यूशन बदलून गेली होती आणि पावसाने दडी मारल्यामुळे वावरात दुबार पेरणीची पाळी आली होती.

“अबे, गाणे लावून पानी येते काय?” बाबा विचारायचे.

तेच सौमित्र, म्हणजे किशोर कदम, पुढे ‘फँड्री’त डुकरांमागे धावताना दिसले. तेव्हा कुठे बाबांना हा कवी पटला.

चाली अजूनही गोड आहेत, हे मान्य. शब्द मात्र निम्मे कूलरच्या खडखडाटात गेले. तो बंद करून ऐकावं, इतकं प्रेम आता उरलेलं नाही. दुसरी बाजू लावली आणि लाइन गेली. ती रात्री अकराला आली.