घोटीचे गोटीमास्तर

गॅरेजच्या भाषेत सॉकेटला गोटी म्हणतात. तेराची गोटी, सतराची गोटी. घोटीत राहून जन्मभर गोट्या फिरवणारा माणूस कोट्यांना विटलेला असणार, हे मला कळायला हवं होतं. पण कसारा घाट चढून आल्यावर डोकं जरा हलकं होतं. ‘‘घोटीचे गोटीवाले तुम्हीच का?’’ मी विचारलं. मिस्त्रींनी मान वर केली नाही. ‘‘चार,’’ एवढंच म्हणाले. मला वाटलं, पान्याचा नंबर असेल. पोऱ्याने नंतर सांगितलं, आज हे विचारणारे तुम्ही चौथे.

माझी जीप 1965 सालची, मामांकडून आलेली. क्लच सोडला की मागच्या चाकातून ‘टक्’ व्हायचं. मिस्त्रींनी ते एकदाच ऐकलं आणि निकाल दिला, ‘‘हबचा नट कमी आवळलाय. चावी खाल्ली.’’ या जीपचा मागचा एक्सल टोकाला निमुळता असतो. हब त्याच्यावर घट्ट बसलं तरच भार पेलतं. नट सैल राहिला की सगळा मार हब आणि एक्सलमधल्या बोटभर चावीवर येतो.

हमरस्त्यावरच्या दर गावात असा एक मिस्त्री असतोच. बाकीचे गाड्या दुरुस्त करतात, हा फक्त आवळतो. याच्या लेखी माणसांचे दोन प्रकार: कमी आवळणारे आणि जास्त आवळणारे. नळ पिळून वायसरचा जीव घेणारे दुसऱ्या प्रकारात. पान्याला पाईप आणि पाईपावर पोऱ्या, या सर्वमान्य पद्धतीला तो ‘झोका’ म्हणतो.

‘‘बोल्ट म्हणजे स्प्रिंग, साहेब. ताणला की धरून बसतो. लई ताणला की मेला. आन् तुमच्या ताकदीचे शंभरातले नव्वद घासण्यातच जातात. नटाखाली निम्मे, आट्यांत बाकीचे.’’ म्हणून आट्यांना तेल लागलंय की ते कोरडे आहेत, हे कळल्याशिवाय ते पान्याला हात लावत नाहीत. तेल असलं तर त्याच आकड्याला बोल्ट जास्त ताणला जातो.

आकडा सांगतो तो टॉर्कपाना. मिस्त्री त्याच्यावरही आंधळा विश्वास ठेवत नाहीत. घोटीत भाताच्या गिरण्या कमी नाहीत. वर्षातून एकदा गिरणीच्या काट्यावर तीस किलो इंद्रायणी पोत्यासकट तोलून आणायची, पान्याच्या डोक्याचा चौकोन शेगड्यात धरायचा आणि त्या चौकोनापासून दीड फुटावर ते पोतं टांगायचं. शंभर फूट-पाउंडाला ‘टक्’ वाजलं तर पाना पास. मग त्या तांदळाचा भात होतो. काम संपलं की पान्याची स्प्रिंग सैल करून ठेवायची. ‘‘त्यालाबी झोप पायजे.’’

मागचा एक्सल हाती घेतलाच होता, म्हणून डिफरन्शियलही उघडून झालं. त्याच्या झाकणाला दहा बोल्ट. ते आमनेसामने, तीन फेऱ्यांत घ्यायचे. फार आवळले की पॅकिंग चेपून बाहेर येतं आणि जे गळू नये म्हणून आवळलं तेच गळू लागतं. प्रत्येक बोल्ट झाला की मिस्त्री तंबाखूची डबी उघडायचे आणि बोटाने चुन्याची रेघ ओढायचे, अर्धी बोल्टवर, अर्धी झाकणावर. शेवटच्या फेरीत सातव्या बोल्टला माझा फोन वाजला. घरून होता: कुठवर आलात? मी ‘घोटी’ म्हणेपर्यंत मिस्त्रींनी सातही रेघा पुसल्या, दहाही बोल्ट ढिले केले आणि पहिल्यापासून सुरुवात केली. चेहऱ्यावर राग नव्हता. मी फोन बंद करून पोऱ्याच्या हाती दिला, आणि बाहेर पावसात जाऊन उभा राहिलो. इगतपुरीच्या पट्ट्यातला पाऊस. त्यात उभं राहणं ही शिक्षा पुरेशी असते.

शेवटी हबचा नट. चाक जमिनीवर, ब्रेक दाबून मी गाडीत. दीडशेला ‘टक्’ वाजलं, पण पिनेचं भोक नटाच्या खाचेसमोर येईना. केसभर पलीकडे गेलेलं.

‘‘जरासं मागे घ्या ना,’’ मी म्हणालो.

मिस्त्रींनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी त्यांना मुलीचं ठरलेलं लग्न मोडायला सांगतोय. ‘‘हा नट मागं येत नसतो, साहेब. भोक पुढं सापडतं.’’ आणि पुढची खाच येईस्तोवर त्यांनी तो नेला. पिन घातली, दोन्ही पाय दुमडले. कमानीच्या यू-बोल्टांना रेघा ओढल्या.

‘‘पन्नास किलोमीटरला रेघा बघायच्या,’’ निघताना बजावलं.

नाशिकला पोचलो तेव्हा पन्नास भरले नव्हते. उरलेले मी गंगापूर रोडला चकरा मारून भरले, घरच्यांच्या देखत, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा घोटी गाठली. मिस्त्री जीपखाली शिरले, बाहेर आले.

‘‘रेघ हलली नाय. कशापायी आलात?’’

‘‘तुम्हीच म्हणालात, बघायच्या.’’

‘‘तुम्ही बघायच्या. चुना नाशकातबी पांढराच दिसतो.’’