बावीस नंबरचं काय झालं?

"अगं, काल सकाळी बावीस नंबरला बेलिफ आले होते. पाहिलंस की नाही?"

पाहिलं नव्हतं. आणि बावीस नंबरची खबर मला शेजारच्या काकूंकडून कळावी, यात माझी जरा नाचक्कीच होती. पश्चिम लंडनमधल्या आमच्या गल्लीत मागच्या अंगणांना लाकडी फळ्यांचं कुंपण आहे. आमच्या दोघींमधली एक फळी वादळात पडली ती पडलीच. ती कोणी बसवायची यावर काकांचं आणि आमच्या ह्यांचं एकमत होत नाही. होऊ नये असंच आम्हा दोघींना वाटतं.

"म्हणजे घराबाहेर काढलं तिला?"

"कुलूप बदललं आणि गेले. किती वेळ लागतो त्याला! ती बिचारी दारात दोन बॅगा आणि प्रेशर कुकर घेऊन उभी. धाकटा शाळेच्या गणवेशात."

बावीस नंबरवाली म्हणजे आपली कोल्हापूरची. केअर होममध्ये रात्रपाळी करते, थोरली यंदा जीसीएसईच्या परीक्षेला बसणार. नवऱ्याचं काय झालं ते गल्लीत सगळ्यांना ठाऊक आहे, म्हणून इथे सांगत नाही. काकू निवृत्त होईपर्यंत कौन्सिलच्या हाउसिंग खात्यात होत्या. कुठल्या कौन्सिलच्या, तेही सांगत नाही; त्यांचं पेन्शन अजून तिथूनच येतं.

"पण काकू, नोटीस येऊन कितीतरी महिने झाले ना? तेव्हाच गाशा गुंडाळून दुसरीकडे जायचं. बेलिफ दारात येईपर्यंत कशाला थांबायचं? चारचौघांत शोभा."

"बस," काकू म्हणाल्या. मी उलट्या कुंडीवर बसले. काकू 'बस' म्हणाल्या की आमटी करपणार हे ठरलेलं.

"तिला आली ती कलम 21 ची नोटीस. कारण सांगायचं नाही, दोन महिने द्यायचे, बस्स. आता इंग्लंडात ती बंद झाली, 1 मे 2026 पासून."

"महाराष्ट्र दिनाला?"

"हो, पण आपल्याला विचारून मुहूर्त काढला नव्हता. आता मालकाला घर विकायचं असेल किंवा स्वतः राहायला यायचं असेल, तर तसं कारण दाखवून चार महिने द्यावे लागतात. हिची नोटीस त्याच्या आधीची, म्हणून जुन्याच नियमाने चाललं. पण मुदत संपली की भाडेकरूने निघालंच पाहिजे, असं तेव्हाही नव्हतं. मालकाला कोर्टातून ताब्याचा हुकूम आणावा लागतो. तरी माणूस हलला नाही तर बेलिफ. तोवर ती तिथली कायदेशीर भाडेकरूच. आणि आधीच निघाली असती ना, तर कौन्सिलने तिच्या कपाळावर शिक्का मारला असता, 'इंटेन्शनली होमलेस'. म्हणजे राहता येत होतं तरी स्वतःहून घर सोडलं. तो शिक्का बसला की मोठी जबाबदारी कौन्सिलवरून उतरली."

"म्हणजे गुमान निघून जाणाऱ्याला शिक्षा?"

"शिक्षा म्हणत नाहीत. 'निर्णय' म्हणतात."

मग काकूंनी सांगितलं ते ऐकून मी चाटच पडले. कायदा भाडेकरूच्या बाजूने बराच आहे. बेघर माणसाची जबाबदारी कौन्सिलवर पहिल्यांदा टाकली ती 1977 च्या कायद्याने, आणि 2017 चा जो नवा कायदा 3 एप्रिल 2018 पासून लागू झाला, त्यात तर 56 दिवसांच्या आत बेघर होण्याची वेळ येणार असेल तरी कौन्सिलने फाइल उघडायची, बसवून विचारपूस करायची, काय करायचं ते लेखी लिहून द्यायचं. घर वाचवता आलं तर वाचवायचं. सरकारच्या मार्गदर्शक सूचनांतही आहे की 'बेलिफ येईपर्यंत थांबा' असं सरसकट सांगू नका.

"आणि सांगतात काय? 'अजून तुमच्याकडे चावी आहे ना? बेलिफची तारीख पडली की या.' ही कोल्हापूरकरीण नोटीस आल्याच्या आठवड्यातच गेली होती. फोनवर चाळीस मिनिटं संगीत ऐकलं, मग ऑनलाइन फॉर्म भरायला सांगितलं, फॉर्म भरला तर उत्तर हेच. तेही तोंडी."

"तुम्हीपण असंच सांगायचात?"

काकूंनी पुदिन्याची जुडी उगाच झटकली. "आम्हाला वरून सांगायचे. तात्पुरती घरं देता देता कौन्सिलांचं दिवाळं निघालंय. 2023-24 मध्ये इंग्लंडभर त्यावर दोन अब्ज पौंडांच्या वर गेले. सव्वा लाखाहून जास्त कुटुंबं अशा तात्पुरत्या जागांत आहेत. मग एकेक कुटुंब दोन महिने उशिरा आलं तर तेवढीच बचत. कोर्टाचा खर्च मात्र भाडेकरूच्या डोक्यावर बसतो, तो कोण मोजतंय?"

आता कौन्सिलमधल्या तिच्या मुलाखतीचं ऐका. हे काकूंना तिनेच सांगितलं, काकूंनी मला, आणि मी तुम्हाला. म्हणजे मीठमसाला थोडा असणारच. पिशवी भरून कागद नेले होते तिने: भाडेकरार, नोटीस, पगाराच्या स्लिपा, तीन महिन्यांची बँक स्टेटमेंटं, मुलांचे जन्मदाखले, शाळेचं पत्र, स्वतःच्या इमिग्रेशनचा शेअर कोड. समोरची पोरगी थोरलीपेक्षा चार-पाच वर्षांनीच मोठी असेल. तिने स्टेटमेंटवर हिरवा हायलायटर फिरवला आणि एका ओळीवर थांबली. दर महिन्याला पैसे भारतात जातात, ते कोणाला? आईला. कशासाठी? औषधांना. घरभाडं जड जात होतं म्हणता, मग पैसे बाहेर का पाठवलेत?

"आणि काय म्हणाली ती?"

"म्हणाली, तुमची आई कुठे राहते? पोरगी म्हणाली, इथेच, दोन गल्ल्या पलीकडे. मग काय बोलणार?"

"असं विचारायचं काय कारण पण?"

"विचारावं लागतं. परवडत असून भाडं थकवलं असेल तर पुन्हा तोच शिक्का. हिचं थकलं नव्हतं, म्हणून निभावलं. पण आपल्या लोकांच्या स्टेटमेंटात हे भिशी, ते गावाकडचं कर्ज, मंडळाची वर्गणी. एकेका ओळीचा खुलासा तयार ठेवून जावं. रडून उपयोग नाही, मी किती बघितलीत रडणारी."

मला त्या क्षणी काकूंचा राग आला, खोटं कशाला सांगू. पण त्याच काकूंनी काल त्या तिघांना गरम पोळ्यांचा डबा नेऊन दिला होता, हे मला नंतर काकांकडून कळलं.

"मग आता मिळेल ना तिला कौन्सिलचं घर?"

काकू हसल्या. "तुम्हा सगळ्यांना वाटतं, बेघर झालं की कौन्सिल चावी हातात ठेवते. अगं, रांगा दोन आहेत. एक बेघरांची आणि एक कौन्सिलच्या घरांची. पहिलीत उभं राहिलं म्हणून दुसरी संपत नाही. दुसऱ्या रांगेत इंग्लंडभर तेरा लाखांच्या वर कुटुंबं आहेत. त्यात नाव घालायलाही कुठे दोन वर्षांचं वास्तव्य लागतं, कुठे पाच. मग बँड देतात, म्हणजे गरजेप्रमाणे गट. बरीच कौन्सिलं घरांची यादी लावतात, त्यावर आपण बिड टाकायची. पैसे नाहीत त्यात, नुसतं बटण. मग कळतं, आपला नंबर तीनशे कितवातरी."

"आणि पहिल्या रांगेत?"

"तिथे मुलं असली की आधी तात्पुरतं छप्पर द्यावंच लागतं. हिला हॉटेलात टाकलंय, दुसऱ्या बरोत, मोटरवेच्या कडेला. एक खोली, तिघं, मायक्रोवेव्ह खाली रिसेप्शनजवळ. मुलं असलेल्यांना असल्या जागी सहा आठवड्यांवर ठेवता येत नाही, कायदा आहे. पाळतात का, तर..." इथे काकूंनी हात असा काही उडवला की त्याचा अर्थ गिरगावातल्या माणसाला लगेच कळावा. "थोरलीला शाळेत यायला दोन बस. नंतर सगळं मान्य झालं तरी शेवटी खाजगी भाड्याचं घर दाखवून फाइल बंद करतात. तेही लांब कुठेतरी."

लांब म्हणजे किती, तर वेस्टमिन्स्टरच्या कौन्सिलने एका पाच मुलांच्या आईला थेट मिल्टन कीन्सजवळ घर देऊ केलं होतं. बाई नको म्हणाली, कौन्सिलने हात झटकले, प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं आणि 2015 मध्ये कोर्टाने कौन्सिललाच फटकारलं की जवळ जागा का नाही, मुलांच्या शाळांचं काय, याचा विचार केल्याचं कागदावर दिसत नाही. पण तोवर त्या मुलांचं जे व्हायचं ते होऊन गेलेलं. म्हणून काकूंचा सल्ला असा, की कौन्सिलने जबाबदारी लेखी मान्य करून घर देऊ केलं तर तोंडावर 'नाही' म्हणू नये. आधी घ्यावं, आणि 21 दिवसांच्या आत रिव्ह्यू मागावा. दोन्ही करता येतं. हे बहुतेकांना माहीतच नसतं आणि ती हिरव्या हायलायटरवाली आपणहून सांगेलच असं नाही.

"तिला मुलं आहेत म्हणून एवढं तरी झालं," काकू पुढे म्हणाल्या. "पंजाब्यांच्या आउटहाउसमध्ये तो एकटा गडी राहायचा ना, तब्येतीने ठणठणीत, त्याला काय मिळालं? सल्ला, आणि एक पत्रक. गाडीत झोपतो म्हणे."

मी विचारलं, "आणि कोपऱ्यावरची ती आयटीतली मुलं? त्यांचा मालकपण घर विकतोय."

काकूंचा आवाज एकदम खाली आला, खरं तर ऐकायला तिथे फक्त एक कोल्हा होता, कचऱ्याच्या डब्याशी. "त्यांनी या वाटेला जायचंच नाही. वर्क व्हिसावर 'नो रिकोर्स टू पब्लिक फंड्स' अशी अट असते. कौन्सिलचं घर, बेघर म्हणून मदत, दोन्ही त्यात आलं. नुसता अर्ज केला तरी व्हिसाची अट मोडल्यासारखं होऊ शकतं. आधी वकील किंवा सल्ला केंद्र. बरोबर लहान मूल असेल आणि खरंच रस्त्यावर यायची पाळी आली, तर 1989 च्या चिल्ड्रन अॅक्टचं कलम 17 आहे, तेव्हा सोशल सर्व्हिसेस. बावीस नंबरवालीकडे आयएलआर होता, म्हणजे कायम राहायची परवानगी, म्हणून ती रांगेत उभी तरी राहू शकली."

मग मी जे विचारायला नको होतं ते विचारलं.

"काकू, बावीस नंबर मूळचं कौन्सिलचंच ना? ही आख्खी ओळच कौन्सिलची होती ना?"

"होती."

"आणि तुमचं..."

"आमचंही. थॅचरबाईंनी 1980 च्या कायद्यात भाडेकरूंना घरं विकत घ्यायचा हक्क दिला, भली मोठी सूट देऊन. ह्यांनी पंच्याऐंशी साली घेतलं. मी त्याच खात्यात नोकरीला, आणि पहिला फॉर्म माझ्याच नवऱ्याचा." काकू जराही ओशाळल्या नाहीत. "मिळत होतं ते घेतलं. आपल्या लोकांना तेव्हा बँका दारात उभं करत नव्हत्या. इंग्लंडात वीस लाखांच्या आसपास घरं गेली अशी. त्या बदल्यात तेवढी बांधली असती तर प्रश्न नव्हता, पण बांधायला पैसे कौन्सिलच्या हातात ठेवलेच नाहीत. बावीस नंबर आधी त्या वेल्श म्हाताऱ्याने घेतलं, त्याच्या मुलाने विकलं, मग या मालकाने घेऊन भाड्याने लावलं. आता हा पुन्हा विकतोय. आणि कौन्सिल त्याच घरातून काढलेल्या बाईला हॉटेलात ठेवून रोजचं भाडं भरतेय."

आमच्याकडचा धूर आता कुंपणापर्यंत पोचला होता. आमटी गेली.

काकूंना मी दोष देत नाही; त्या सालात मी असते तर मीही तोच फॉर्म भरला असता. दोष आहे तो तोंडी उत्तरांचा. ज्या कायद्याने तिला 56 दिवस दिले होते, ते 56 दिवस फोनवरच्या एका वाक्यात गेले आणि त्याचा पुरावा तिच्याकडे नाही. काकूंनी शेवटी तिला शेल्टर या संस्थेच्या सल्लागाराशी जोडून दिलं, पण बेलिफ येऊन गेल्यावर. नोटीस आल्या दिवशी ती कुंपणाशी आली असती तर? लाजेने आली नाही. मंडळात गणपतीला भेटली तेव्हाही "सगळं छान चाललंय" म्हणाली.

तेव्हा इंग्लंडात भाड्याने राहणाऱ्या तुमच्या ओळखीच्या कोणाला नोटीस आली असेल तर एवढं सांगा. घर सोडू नका, भाडं थांबवू नका, त्याच दिवशी कौन्सिलला ई-मेल करा आणि आपण बेघर होण्याच्या बेतात आहोत, तसा अर्ज करतो आहोत, असं त्यात स्पष्ट लिहा. जे फोनवर सांगतील ते लेखी मागा. शेल्टर आणि सिटिझन्स अॅडव्हाइस यांचा सल्ला फुकट असतो. व्हिसावर असाल तर मात्र आधी सल्ला, मग ई-मेल.