एचए चीननं पाडली नाही

एअर इंडिया टाटांना विकताना केंद्र सरकारने सुमारे 46 हजार कोटींचं कर्ज आपल्या अंगावर घेतलं. ही 2021 ची गोष्ट. त्याच्या दोन वर्षं आधी, जुलै 2019 मध्ये, याच सरकारने पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्सला, म्हणजे एचएला, 280 कोटी मंजूर केले. तेही कर्ज म्हणून. कशासाठी? कामगारांचे थकलेले पगार आणि व्हीआरएसचे पैसे भागवायला. त्यात नव्या यंत्रासाठी एक रुपया नव्हता.

दोन्ही कंपन्या सरकारी. दोघींबद्दल वर्षानुवर्षं एकच वाक्य ऐकवलं जातं: स्वस्तवाले आले आणि यांचा निभाव लागला नाही. विमानात इंडिगो आली, औषधात चीन आला. वाक्य खोटं नाही, पण अर्धंच आहे. उरलेलं अर्धं दिल्लीला अडचणीचं आहे, म्हणून ते कुणी उच्चारत नाही.

आधी विमानाचं बघू, कारण ती गोष्ट सगळ्यांच्या ओळखीची. इंडिगोचं पहिलं विमान ऑगस्ट 2006 मध्ये उडालं. त्याच्या आदल्या वर्षीच तिने एअरबसला 100 विमानांची ऑर्डर देऊन ठेवली होती, सगळी एकाच जातीची. म्हणजे वैमानिकाचं प्रशिक्षण एक, सुटे भाग एक, मेकॅनिकची हत्यारं एक. विमान उतरलं की लवकरात लवकर पुन्हा हवेत. चाकणच्या कुठल्याही प्रेस शॉपमधल्या सुपरवायझरला हे समजावून सांगावं लागणार नाही. डाय बदलायला लागणारा वेळ कमी झाला की भाव कमी करता येतो, हे तो रोज बघतो. स्वस्त तिकीट तिथून आलं.

त्याच सुमाराला, 2007 मध्ये, सरकारने एअर इंडिया आणि इंडियन एअरलाइन्स एकत्र केल्या. एकीकडे बोइंग, दुसरीकडे एअरबस. दोन पगारश्रेणी, दोन सेवाज्येष्ठता याद्या, दोन तऱ्हेची कामाची पद्धत. शंभराहून जास्त नव्या विमानांच्या ऑर्डरी, त्याही कर्जावर. हे निर्णय कंपनीच्या गरजेतून निघाले नव्हते, मंत्रालयातून खाली आले होते. परदेशी कंपन्यांना इथे किती फेऱ्या द्यायच्या, तेही तेच मंत्रालय ठरवत होतं. कंपनीचा मालक आणि तिच्या प्रतिस्पर्ध्यांना परवाने देणारा, दोघे एकाच इमारतीत बसत होते.

आता पिंपरीत या.

10 मार्च 1954 ला हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची नोंदणी झाली. तेव्हा इथे एमआयडीसी नव्हती, ती 1962 मध्ये आली. टेल्को नव्हती, बजाज नव्हती, नगरपालिकासुद्धा नव्हती. औद्योगिक पिंपरी-चिंचवडचा पाया ज्या कंपनीने घातला, ती पेनिसिलिन बनवणारी होती. जागतिक आरोग्य संघटनेचं तंत्रज्ञान, युनिसेफची यंत्रसामग्री आणि भारत सरकारचं भांडवल. पुढच्याच वर्षी उत्पादन सुरू. ज्या देशात न्यूमोनियाने, बाळंतपणातल्या संसर्गाने, चिघळलेल्या जखमेने माणसं पटापट मरत होती आणि औषध बोटीने यायचं, त्या देशासाठी ही किती मोठी गोष्ट होती, हे आज मुद्दाम सांगावं लागतं. पुढे अमेरिकेच्या मर्ककडून तंत्रज्ञान घेऊन स्ट्रेप्टोमायसिन सुरू झालं, क्षयरोगावरचं.

एचए नुसती नक्कल करणारी कंपनी नव्हती. डॉ. एम. जे. तिरुमलाचार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इथल्याच प्रयोगशाळेत हॅमायसिन शोधलं, बुरशीच्या संसर्गावरचं औषध. नावातच कंपनीची आद्याक्षरं आहेत. ऑरिओफंजिन इथलंच, ते पिकांवरच्या बुरशीसाठी. नाशिक-सोलापूरच्या डाळिंब बागायतदाराला एचए कदाचित माहीत नसेल, पण स्ट्रेप्टोसायक्लिन माहीत असतं. तेल्या रोग आला की वर्षानुवर्षं तीच पुडी फवारणीच्या टाकीत पडली. (पिकांवर अँटिबायोटिक फवारण्याला आज आक्षेप आहेत आणि ते रास्त आहेत. पण तो वेगळा विषय.) मुद्दा असा की नवा रेणू शोधणारी, तो बाजारात नेणारी, गावागावात पोचलेली कंपनी होती ही. अशी कंपनी आळसाने बुडते असं कुणी म्हणालं, तर मी ते मान्य करणार नाही.

मग बुडाली कशाने? पेनिसिलिन बनतं कसं, ते आधी पाहू. पोलादी टाक्यांमध्ये बुरशी वाढवायची. तिला साखर द्यायची, दिवसरात्र हवा द्यायची, ढवळत राहायचं, तापमान हलू द्यायचं नाही. एक बाहेरचा जंतू आत गेला की अख्खी बॅच फेकून द्यायची. विजेचं बिल प्रचंड. टाकी जितकी मोठी आणि बुरशीचा वाण जितका जास्त उत्पन्न देणारा, तितका किलोमागे खर्च कमी. म्हणजे या धंद्यात टिकायचं तर दर काही वर्षांनी नवा वाण, मोठ्या टाक्या आणि स्वस्त वीज लागते. पैसे सतत ओतावे लागतात.

ते ओतण्याचा निर्णय कुणाचा? दिल्लीचा. उत्पादनखर्च वाढला तर औषधाचा भाव वाढवायची परवानगी कुणाची? दिल्लीचीच, औषध किंमत नियंत्रण आदेशाखाली. भाव आवाक्यात ठेवले ते योग्यच केलं, गरिबाला औषध परवडलं पाहिजे याबद्दल दुमत नाही. पण भाव बांधायचा आणि त्याच वेळी यंत्रांवर खर्चही करायचा नाही, हे दोन्ही मिळून कारखान्याचा गळा आवळणं झालं.

पुढचं ऐका. 1978 च्या औषध धोरणात काही औषधं सरकारी कंपन्यांसाठी राखून ठेवली होती. 1994 पासून ते आरक्षण उठत गेलं. आयात मोकळी झाली, सीमाशुल्क उतरलं. हे निर्णय कुणाचे? पुन्हा दिल्लीचे. खुलं करायला माझा विरोध नाही. पण ज्या कंपनीला उद्या चिनी कारखान्याशी भिडायचं आहे, तिला आदल्या दिवशी तयार करायला हवं होतं. चीनने आपल्या कारखान्यांना प्रचंड आकार दिला, स्वस्त जमीन-वीज दिली, दीर्घकाळ पाठीशी उभा राहिला. आपल्याकडे 1997 मध्ये एचए आजारी उद्योग म्हणून औद्योगिक व वित्तीय पुनर्रचना मंडळाच्या दारात गेली.

इथे कुणी म्हणेल, सरकारी म्हणून बुडाली, खासगी असती तर तगली असती. नाही. गुजरात आणि तामिळनाडूतले खासगी पेनिसिलिन कारखानेही याच चिनी भावापुढे बंद पडले. त्यांच्याकडे सरकारी बाबू नव्हते, युनियनचा दबदबा नव्हता, तरी पडले. ज्यांना एचएच्या पतनात फक्त कामगारांचा दोष दिसतो, त्यांनी या बंद कारखान्यांचं उत्तर द्यावं.

एचएचे स्वतःचे दोष होते. माणसं गरजेपेक्षा जास्त होती, नवा वाण वेळेवर आला नाही, साधी खरेदीही महिनोन्‌महिने फायलीत अडकायची. कबूल. पण त्या फायलीवर सही करणारा कोण होता, तेही सांगा.

शेजारीच बघा. बजाज ऑटोपुढेही होंडासारखे परदेशी प्रतिस्पर्धी उभे राहिले. स्कूटरचा बाजार हातातून गेला. तिने मोटारसायकलवर सगळं लावलं, 2001 मध्ये पल्सर आणली, चाकणचा कारखाना वाढवला, 2007 मध्ये आकुर्डीचं उत्पादन थांबवलं. आकुर्डीच्या कामगारांना त्याची झळ बसली, ती मी विसरलेलो नाही. पण निर्णय झाला, वेळेवर झाला, ज्याचे पैसे लागले होते त्यानेच घेतला. एचएमध्ये असा निर्णय घ्यायचा अधिकार पिंपरीत कुणाकडेच नव्हता.

2006 मध्ये केंद्राने पुनरुज्जीवनाची योजना मंजूर केली. पुढे 2013 मध्ये सरकारने ठरवलं की 103 औषधं सरकारी खात्यांनी सरकारी कंपन्यांकडून घ्यावीत. कागदावर चांगलं होतं. पण ऑर्डर पुरी करायला कच्चा माल लागतो, कच्च्या मालाला खेळतं भांडवल लागतं, आणि तिजोरीत तेच नव्हतं. ऑर्डर आहे पण माल बनवायला पैसा नाही, अशी वेळ देशाच्या पहिल्या सरकारी औषध कंपनीवर आणली गेली. पगार महिनोन्‌महिने थकले. एचए कॉलनीत राहणाऱ्या घरांनी ते महिने कसे काढले, त्यांची मुलं कोणत्या फीसाठी कुणापुढे उभी राहिली, हे पिंपरीला माहीत आहे.

मग डिसेंबर 2016 मध्ये मंत्रिमंडळाने निर्णय घेतला. जादा जमीन विकायची, देणी भागवायची, आणि कंपनी खासगी खरेदीदाराला द्यायची. कागदावरच्या योजनांनंतर एचएबद्दल काही ठोस ठरलं, आणि ते जमिनीबद्दल ठरलं. जुन्या मुंबई-पुणे रस्त्याला लागून असलेली ती जमीन आज किती मोलाची आहे, ते सांगायला नको. पेनिसिलिनचा शब्दही त्यात नव्हता.

तीन वर्षांनी कोविड आला. चीनमधून कच्चा माल अडकेल या भीतीने दिल्लीची झोप उडाली. तेव्हा उजळणी झाली: औषधांचा जो कच्चा माल आपण आयात करतो, त्यातला सुमारे दोन तृतीयांश चीनचा. पेनिसिलिन-जी तर जवळपास सगळंच तिथलं. ॲमॉक्सिसिलिनची गोळी, जी प्रत्येक घरातल्या औषधाच्या डब्यात असते, तिची मुळं चीनमध्ये. विमानाचं तिकीट महागलं तर माणूस रेल्वेने जातो, नाहीतर घरी राहतो. पेनिसिलिन बंद झालं तर न्यूमोनिया झालेलं पोर घेऊन कुठे जाणार? स्वस्त विमान आणि स्वस्त औषध यांत हा फरक आहे, आणि दोघांना एकच धोरण लावणं ही मोठी चूक होती.

2020 मध्येच केंद्राने 6,940 कोटींची प्रोत्साहन योजना जाहीर केली, औषधांचा कच्चा माल भारतात बनावा म्हणून. यादीत अगदी वर पेनिसिलिन-जी. जे पिंपरीत 1955 पासून बनत होतं, तेच. 2024 मध्ये आंध्रात काकीनाड्याजवळ अरबिंदो समूहाच्या कंपनीने ते सुरू केलं. चांगलं झालं, मनापासून चांगलं झालं. पण त्या कारखान्यालाही चिनी भावाशीच झुंजायचं आहे. आयातीवर वेळेवर लगाम घातला नाही, तर काही वर्षांनी त्याच्याबद्दलही आपण तेच वाक्य ऐकू: स्वस्तवाले आले आणि निभाव लागला नाही.

मालक दिल्ली, भाव ठरवणारी दिल्ली, सीमाशुल्क ठरवणारी दिल्ली, सर्वांत मोठं गिऱ्हाईकही दिल्ली. हे चारही अधिकार ज्याच्या हाती होते, त्याने चीनकडे बोट दाखवायचं नाही. चीनने जे करायचं ते केलं. आपण जे करायचं ते तीस वर्षं केलं नाही.

एचए अजून बंद झालेली नाही. तिथे आजही गोळ्या बनतात, इंजेक्शनं भरली जातात, सलाईनच्या बाटल्या निघतात. तिथे अनुभव आहे, जागा आहे, नाव आहे. प्रोत्साहन योजनेतले काही कोटी या गेटच्या आत का येऊ शकत नाहीत, हा प्रश्न पिंपरी-चिंचवडच्या निवडणुकीत जोरात विचारला जात नाही. मेट्रो, पाणी, खड्डे यांवर सभा गाजतात. त्या गाजाव्यातच. पण ज्या कंपनीने हे शहर सुरू केलं, तिच्यावर सभा गाजत नाही.

एचएच्या जमिनीची चर्चा पुन्हा निघेल, ती निघतेच. तेव्हा आपल्या आमदाराला, खासदाराला जमिनीचा भाव विचारू नका. पेनिसिलिनचं काय ठरलं, ते विचारा. आणि उत्तर लेखी मागा.